आधी मीटर तपासा, मग पाणी

फिश टँक ठेवणाऱ्या घरात आता पेनासारखा पीएच मीटर सर्रास दिसतो. ऑनलाइन मागवला की दोन-तीन दिवसांत दारात येतो, टोपी काढून पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो आणि दशांश चिन्हापुढे दोन अंक दिसले की माणसाचा त्यावर पटकन विश्वास बसतो. खोक्यातल्या बफर पावडरच्या पुड्या मात्र बऱ्याच घरांत न फोडताच कपाटात पडून राहतात. मासे सुस्तावले, एखादा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला की मीटर बाहेर निघतो आणि त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवून बाटलीतले औषध पाण्यात ओतले जाते. तो आकडा खरा होता की नाही, हे कोणी विचारत नाही.

बजाजनगरात तरी असे व्हायला नको. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने ही वस्ती वाढली. इथल्या घराघरांत कोणी ना कोणी क्वालिटीला आहे, टूल रूममध्ये आहे, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत किंवा ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेवर आहे. व्हर्निअरवर, मायक्रोमीटरवर, प्रेशर गेजवर कॅलिब्रेशनचे स्टिकर असते, त्यावर पुढची तारीख असते आणि ती उलटून गेलेल्या गेजने घेतलेले माप कोणी धरत नाही. शिफ्टमध्ये आपण जी शिस्त पाळतो, तीच घरातल्या टँकसाठी पाळायची आहे. काम अर्ध्या तासाचे आहे आणि खर्च फारच थोडा.

प्रोबच्या टोकाला पातळ काचेचा छोटा बल्ब असतो. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांमुळे त्या काचेवर मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागेल एवढा बारीक विद्युतदाब तयार होतो. पीएच ७ च्या आसपास तो शून्य असतो आणि २५ अंश सेल्सिअसला पीएच एकने बदलला की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. मीटर हा दाब मोजून पीएच सांगतो. पण काच जुनी होते, तिच्यावर शेवाळ आणि क्षार बसतात, आतली जेल झिजते. मग शून्य सरकते आणि ५९ चे ५५, ५० होत जाते. मीटर मात्र जुन्याच हिशोबाने आकडा काढत राहतो. ज्याचा पीएच आधीच पक्का माहीत आहे अशा द्रावणात प्रोब बुडवून हा हिशोब नव्याने लावून देणे, याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्या पक्क्या द्रावणाला बफर म्हणतात.

पीएचची मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती बिअर कंपनीची प्रयोगशाळा. पुढे १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमनने लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी इलेक्ट्रॉनिक मीटर बनवला. वाळूजच्या बिअर कारखान्यांत आज जे मीटर वापरले जातात, ते याच परंपरेतले. घरातले पेनही त्याच कुळातले आहे, फक्त त्याला रोज सांभाळणारा केमिस्ट नाही. ते काम आपल्याला करायचे आहे.

आता मुख्य मुद्दा. मीटरसोबत बहुतेक वेळा दोनच पुड्या येतात, ६.८६ आणि ४.०० च्या, आणि माहितीपत्रकात या दोन्हींवर कॅलिब्रेशन करा असे छापलेले असते. ज्यांच्या टँकचे पाणी आम्लाकडे झुकलेले आहे, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. आपले पाणी तसे नाही. एमआयडीसीच्या नळाला येणारे पाणी जायकवाडीचे, उन्हाळ्यात टँकर किंवा बोअर, आणि बोअरचे पाणी म्हणजे बसाल्ट खडकातून मुरलेले, क्षारांनी भरलेले. गीझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळांवर बसणारा पांढरा थर आपण रोज पाहतो. असे पाणी टँकमध्ये हवा खेळवून ठेवले की पीएच साडेसात ते साडेआठच्या दरम्यान जातो. मग ६.८६ आणि ४.०० वर मीटर लावून ८.४ मोजणे म्हणजे जिथे मोजायचे, तिथे एकही खूण न करता माप घेणे. आपल्याला हवेत ६.८६ आणि ९.१८ हे दोन बफर, कारण टँकचे पाणी या दोघांच्या मध्ये येते. ९.१८ ची पुडी वेगळी मागवावी लागते, ती जरूर मागवा. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्याही मिळतात.

एकाच बफरवर भागवू नका. समजा, प्रोब इतका थकला आहे की त्याचा उतार, म्हणजे कारखान्यात ज्याला स्लोप म्हणतात तो, ८० टक्क्यांवर आला आहे. तुम्ही ६.८६ मध्ये बुडवून आकडा जुळवून घेतला. त्या बफरमध्ये मीटर आता बरोबर ६.८६ दाखवेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. टँकचा खरा पीएच ८.४ असेल, तर मात्र तो ८.१ च्याही किंचित खाली दाखवेल.

एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी म्हणेल. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्यातला काही भाग तुलनेने निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो आणि काही मुक्त अमोनियाच्या रूपात. हा मुक्त भाग कल्ले जाळतो. २५ अंशाला पीएच ७.५ असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम पावणेदोन टक्के मुक्त असतो, ८ ला सुमारे पाच टक्के, ८.५ ला पंधरा टक्के. अमोनियाच्या टेस्ट किटचा आकडा तोच असला, तरी ७.५ ला जे मासे तगतात ते ८.५ ला मरू शकतात. म्हणून आपल्या भागात पीएचचा वरचा टप्पा अचूक कळणे जास्त गरजेचे आहे.

पावडर कशी विरघळवायची, यावर बरेच काही अवलंबून असते. पुडीवर बहुधा २५० मिली लिहिलेले असते. त्यासाठी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी लागते. बॅटरीच्या दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणी चालते, पण आधी त्यात टीडीएस मीटर बुडवून पाहा. शून्य ते पाचच्या आत आकडा आला तर घ्या. घरच्या आरओचे पाणी यासाठी वापरू नका, त्यात क्षार उरलेले असतात आणि ते बफरचा आकडा सरकवतात. मोजपात्र नसेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २५० ग्रॅम पाणी घ्या. पुडी फोडण्याआधी बोटाने टिचकी मारून पावडर खाली आणा, कात्रीने वरची कड सरळ कापा, सगळी पावडर काचेच्या स्वच्छ बरणीत ओता आणि मग त्याच पाण्यातले थोडे पाणी पुडीत घालून ती दोनदा विसळून घ्या. कोपऱ्यात चिकटलेले कणही बरणीत यायला हवेत. पाणी दोन-चार मिली कमी-जास्त झाले तर बफर ते सहन करतो. ९.१८ ची पावडर विरघळायला जरा वेळ घेते, तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत हलवत राहा. बरणीवर आकडा आणि तारीख लिहा.

झाकण बंद ठेवून अंधाऱ्या कपाटात ठेवले तर हे द्रावण महिनाभर बिनघोर वापरता येते. गढूळ झाले, तंतू दिसले, तर फेकून द्या. त्यातही ९.१८ चा बफर जास्त नाजूक, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पीएच हळूहळू उतरतो. म्हणून बरणीत थेट प्रोब कधीही बुडवू नये. छोट्या वाटीत बल्ब बुडेल एवढेच ओतून घ्यावे, काम झाले की टाकून द्यावे. वापरलेला बफर परत बरणीत ओतण्याची काटकसर महागात पडते.

कॅलिब्रेशनच्या दिवशी बफर, प्रोब आणि टँकमधून काढलेले कपभर पाणी तासभर एकाच खोलीत ठेवा, म्हणजे सगळ्यांचे तापमान एक होईल. हे सांगण्याचे कारण म्हणजे बफरचा छापील आकडा २५ अंशाचा असतो. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी खोली पंधरा-अठरा अंशांवर असते आणि मे महिन्यात पस्तिशीपुढे. ६.८६ चा बफर २० अंशाला ६.८८ असतो आणि ३५ ला ६.८४. हा फरक किरकोळ आहे. पण ९.१८ चा बफर २० अंशाला ९.२३ आणि ३५ ला ९.१० असतो. मीटर स्क्रू फिरवून जुळवण्याचा असेल, तर त्या दिवशीच्या तापमानाचा आकडा लावा. मीटरवर एटीसी लिहिलेले आहे म्हणून सगळे आपोआप होते असे समजू नका. एटीसी म्हणजे तापमानानुसार त्या ५९ मिलिव्होल्टमध्ये केलेली दुरुस्ती. बफरचा बदलता आकडा काही मीटर ओळखतात, काही नाही. माहितीपत्रकात पाहून घ्या.

तिथेच आणखी एक गोष्ट पाहा. बटण दाबून आपोआप बफर ओळखणाऱ्या मीटरमध्ये दोन संच असतात. काहींना ४.०१, ७.०० आणि १०.०१ अपेक्षित असतात, काहींना ४.००, ६.८६ आणि ९.१८. मीटर ७.०० समजून बसला आहे आणि तुम्ही ६.८६ मध्ये बुडवला, तर त्या क्षणापासून तो सगळीकडे ०.१४ जास्त दाखवणार. ज्या संचाचा मीटर, त्याच संचाचे बफर.

प्रोबची टोपी काढल्यावर कडेला पांढरे खडे दिसले तर घाबरू नका. ते पोटॅशियम क्लोराइडचे मीठ आहे, धुतले की जाते. बल्ब उजेडात धरून पाहा. काच स्वच्छ, ओली आणि बिनचिरेची हवी. तिच्यावर धूसर पांढरट थर असेल तर तो बहुधा चुन्याचा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. हिरवट, बुळबुळीत थर असेल तर भांड्याच्या साबणाच्या पातळ पाण्यात हलवून घ्या. ब्रश, घासणी, नख यातले काहीही काचेला लावू नका. साफ केल्यावर बॅटरीच्या पाण्याने धुवून तासभर टोपीतल्या द्रावणात बुडवून ठेवा, मगच कॅलिब्रेशनला घ्या. लगेच घेतलात तर आकडा भटकत राहील.

आता धुतलेला प्रोब टिश्यू पेपरने नुसता टिपून घ्या. पुसू नका, काच चोळली की तिच्यावर विजेचा भार बसतो आणि आकडा स्थिरावायला उशीर होतो. आधी ६.८६ च्या वाटीत बल्ब पूर्ण बुडवा, दोन-तीनदा हलके ढवळा आणि हात थांबवा. आकडा पहिल्या काही सेकंदांत भराभर सरकतो, मग मंदावतो, मग शेवटचा अंक एक-दोन घरे मागेपुढे करतो. मिनिटभर तरी थांबा, दोन मिनिटे थांबलात तर उत्तम. घाई इथेच होते. स्थिर झाल्यावर बटण दाबा किंवा स्क्रू फिरवा. प्रोब धुवा, टिपा, ९.१८ मध्ये बुडवा आणि तसेच करा. मग पुन्हा धुवून ६.८६ च्या ताज्या वाटीत परत या. आता तो ०.०५ च्या आत आला, तर काम झाले. जास्त फरक असेल तर सगळे पहिल्यापासून पुन्हा करा. मीटर स्लोप टक्क्यांत दाखवत असेल तर तो आकडा वहीत लिहा. ९५ ते १०२ दरम्यान असला की प्रोब ठणठणीत, ९० च्या खाली येऊ लागला की नव्याची तयारी करा.

मीटर बरोबर आहे का हे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पाहू नका. त्याचा पीएच ७ असतो असे शाळेत शिकवलेले असते, पण उघड्यावर ठेवलेले डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साडेपाच-सहापर्यंत उतरते आणि त्यात क्षार नसल्याने आकडा ठरतही नाही. या एका चाचणीपायी चांगले मीटर कचऱ्यात जातात. पडताळा हवाच असेल तर थेंब टाकून रंग पाहायचे किट वापरा, पण वरच्या टप्प्याचे घ्या. साध्या किटमधले ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ एवढेच दाखवते. आपले पाणी ७.८ असो वा ८.६, त्यात ते निळेच दिसणार.

टँकचा पीएच मोजताना पाणी कपात काढून घ्या आणि लगेच मोजा. ज्यांच्याकडे प्रोब कायमचा टँकमध्ये टांगलेला आहे, त्यांनी महिन्यातून एकदा कपातला आणि टँकमधला आकडा ताडून पाहावा. दोन्हींत मोठा फरक येत असेल, तर बहुतेक वेळा हीटर, फिल्टर किंवा पंपाची वीज पाण्यात झिरपत असते आणि प्रोब ती मोजत असतो. एकेक उपकरण बंद करून पाहा, दोषी सापडते. हा विषय पीएचपुरता नाही. अशी शंका आली की सगळे प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका, ते उपकरण दुरुस्त न करता बदला आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

वेळही लिहीत जा. झाडे लावलेल्या टँकमध्ये रात्री कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पहाटे पीएच खाली असतो. दिवसा झाडे तो वायू ओढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत पीएच वर चढतो. सकाळचा आकडा कालच्या संध्याकाळच्या आकड्याशी ताडला तर काहीतरी बिघडले असे वाटेल आणि बिघडलेले काहीच नसेल. बोअरचे ताजे पाणीही असेच फसवते. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, म्हणून उपसल्या उपसल्या पीएच कमी दिसतो. बादलीत एअर स्टोन टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा, तो खरा आकडा. टँकर बदलला की नव्या पाण्याची ही तपासणी आवर्जून करा.

आणि कॅलिब्रेशन केलेल्या मीटरने ८.३ दाखवले, म्हणून पीएच उतरवायची बाटली आणायला धावू नका, असे मी कळकळीने सांगेन. आपल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. आम्ल टाकले की आकडा तेवढ्यापुरता उतरतो आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत परत वर येतो. माशांना स्थिर ८.३ मानवतो, हा झोका मानवत नाही. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गोल्डफिश आणि आफ्रिकन सिक्लिड अशा पाण्यात आनंदाने राहतात. डिस्कस किंवा निऑन टेट्राच हवे असतील, तर आरओचे पाणी ठरावीक प्रमाणात मिसळून हळूहळू बदल करणे हा सरळ मार्ग आहे, आणि तिथे पीएचबरोबर केएच, म्हणजे पाण्याची कार्बोनेट कठीणताही मोजावी लागते.

मोजून झाल्यावर प्रोब कोरडा ठेवू नका आणि साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नका, त्यात काचेतले आणि जेलमधले आयन निघून जातात. टोपीतल्या स्पंजवर तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडचे थेंब घाला. घरी बनवायचे तर १०० मिली द्रावणाला प्रयोगशाळेच्या दर्जाचे २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड लागते. शेतीचे म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे तेच रसायन असले तरी ते अशुद्ध असते, इथे चालणार नाही. सुकलेला प्रोब या द्रावणात रात्रभर भिजवल्यावर पुष्कळदा शुद्धीवर येतो. उन्हाळ्यात टोपी लवकर सुकते, आठवड्यातून एकदा पाहत जा.

पेन मीटरचे कॅलिब्रेशन महिन्यातून एकदा पुरेसे आहे. मात्र आकडा अचानक दोन-तीन दशांशांनी उडाला, तर पाण्यात काहीही करण्यापूर्वी कॅलिब्रेशन. मासे घाबरलेले असोत किंवा आपण, क्रम हाच ठेवा.

प्रोब वर्ष-दोन वर्षे चालतो, मग दोन मिनिटांतही स्थिर होत नाही किंवा ९.१८ पर्यंत पोहोचतच नाही. मग तो बदलावा. नवा घेताना बनवल्याची तारीख पाहून घ्या, कारण तो दुकानात पडून असतानाही म्हातारा होतो. नवा आला की भिजवून, कॅलिब्रेट करून घ्या आणि जुना टाकण्याआधी दोन्ही एकदा टँकच्या पाण्याच्या एकाच कपात बुडवून दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. अलीकडच्या नोंदी किती सरकवून वाचायच्या, याचा अंदाज त्यावरून येईल.